केडलस्टन हॉलच्या सहलीला मिळालेल्या दोन ताऱ्यांबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय रविवारी रात्रीच वाचला होता. लगेच उत्तर लिहायला बसलो आणि खोडून टाकलं, कारण त्यात चीडच जास्त होती. आज गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे, तेव्हा निवांत लिहितो.

जे सोबत नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात: लेस्टरहून मिनीबसने आम्ही डर्बीजवळच्या केडलस्टन हॉलला गेलो होतो. ताईंचं म्हणणं असं की सासूबाईंना जिने चढावे लागले, निम्मा वाडा बंदच होता, जो पाहिला त्याला घरपण नव्हतं, ‘नुसता टाउन हॉल’ होता. जेवायला मेंढ्यांच्या लेंड्यांत बसवलं, ज्यासाठी आलो तो मोराचा पोशाख दहा मिनिटांत उरकला आणि गाइडने साहेबाचे, म्हणजे याच घराण्यातल्या व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचे, गोडवे गायले. गाइड मीच होतो आणि गाडीही मीच चालवत होतो.

जिन्याची चूक पूर्णपणे माझी. या वाड्याचे बघण्यासारखे दिवाणखाने वरच्या मजल्यावर आहेत हे मला पाठ आहे, पण बुकिंगच्या वेळी तुम्ही ‘आईंचे गुडघे दुखतात’ असं लिहिलेलं मी वाचलं आणि विसरलो. त्यांच्या सीटचे पैसे आज परत पाठवले आहेत, ते कृपया नाकारू नका.

मोराच्या पोशाखाचीही चूक माझीच. मोटरवेवर पाऊण तास अडकलो, तो वेळ कुठून तरी कापायचा म्हणून मी नेमका शेवटचा भाग कापला. तुम्ही काचेजवळ पोहोचलात तेव्हा मी घड्याळ दाखवत उभा होतो, हे मला आठवतंय आणि त्याची लाज वाटते. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झननी घातलेला तो मोरपिसांच्या नक्षीचा झगा. जरीचं भरतकाम आपल्याकडच्या कारागिरांचं आणि शिलाई पॅरिसच्या वर्थ या दुकानाची. प्रत्येक पिसाच्या डोळ्यात जे हिरवं चमकतं ते पाचू नव्हे, सोनकिड्याच्या पंखांची कवचं आहेत. जवळ जाऊन, थोडं वाकून, मान तिरपी केली की त्यांचा रंग हिरव्यावरून निळ्यावर जातो. हे बघायलाच पाच मिनिटं लागतात. झग्याचं वजन साडेचार किलोंच्या वर आहे. ते अंगावर घेऊन ती बाई रात्रभर कशी वावरली असेल, हा सासूबाईंचा प्रश्न त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न होता आणि मी ‘चला चला’ म्हणालो. यापुढे आम्ही आधी झगा ठेवलेलं वाड्यातलं म्युझियमच बघणार आहोत. ते तळमजल्यावर आहे, म्हणजे जिन्याचाही प्रश्न नाही.

‘टाउन हॉल’बद्दल मात्र गंमत ऐका. इंग्रजी शब्दकोश रचणारे डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन १७७७ मध्ये हा वाडा बघायला आले होते आणि त्यांनीही हेच म्हटलं होतं: टाउन हॉल म्हणून झकास, खांबांच्या दालनात न्यायाधीश बसवा, गोल खोलीत ज्यूरी. म्हणजे तुमची तक्रार अडीचशे वर्षं जुनी आहे आणि चांगल्या माणसाने केलेली आहे. पण ती इमारत तशीच बांधलेली आहे हो. तेव्हाचे मालक सर नॅथॅनियल कर्झननी १७५९ मध्ये काम काढलं ते राहायच्या सोयीसाठी नव्हे, आल्यागेल्याला थक्क करण्यासाठी. अलाबास्टर दगडाचे वीस खांब, एकेक पंचवीस फुटांचा. पुढे गोल सलून, घुमटाची उंची बासष्ट फूट, नमुना रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळाचा. मागच्या दर्शनी भागाला तर वास्तुविशारद रॉबर्ट ॲडमने रोममधल्या कॉन्स्टंटाइन बादशहाच्या विजयकमानीची नक्कलच आणून बसवली. त्या काळीही हाउसकीपर बाई हातात चित्रांची यादी घेऊन पाहुण्यांना वाडा दाखवत फिरायच्या. राहायची जागा बाजूच्या पूर्वेकडच्या भागात होती, आणि त्या घराण्यातली माणसं अजूनही तिथेच राहतात. १९८७ मध्ये वाडा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे गेला तरी तो भाग त्यांच्याकडेच राहिला. ‘निम्मा बंद’ तो हाच. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मी तुम्हाला कसा नेणार?

मागून वाडा अर्धवट वाटतो हे तुमचं निरीक्षण मात्र अचूक. नकाशात चार बाजूंना चार भाग होते, पुढचे दोन बांधले, मागचे दोन राहूनच गेले. तेच चारही भाग पाहायचे तर कोलकात्याच्या राजभवनात (आताचं लोकभवन) जा. गव्हर्नर-जनरल वेलस्लीने १७९९ ते १८०३ मध्ये ते बांधून घेतलं ते केडलस्टनच्या धर्तीवर. आणि केडलस्टनमध्ये जन्मलेला जॉर्ज कर्झन चाळिशीच्या उंबरठ्यावर व्हाइसरॉय होऊन राहायला गेला तो त्या वाड्यात. मराठी मंडळींना घेऊन मी इतर दहा वाडे सोडून इथे येतो त्याचं हे एक कारण.

आता गोडव्यांबद्दल. बंगालची फाळणी मी सांगितली. कर्झनच्या कारभाराला औरंगजेबाची उपमा कुणी दिली तेही सांगितलं: १९०५ मध्ये काशीच्या काँग्रेसचे अध्यक्ष असताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी, आणि तेही मवाळ गोखल्यांनी! जुन्या वास्तू जपायचा १९०४ चा कायदाही त्याच्याच कारकिर्दीतला, तोही सांगितला. याला गोडवे म्हणायचे असतील तर माझा नाइलाज आहे. मागच्या सीटवरून एका काकांनी विचारलं होतं, ‘धिंग्रांनी गोळी घातली तो हाच ना?’ बहुधा तिथे गोंधळ झाला असेल. तो कर्झन वायली नावाचा इंग्रज अधिकारी, १९०९, लंडन. माणूस वेगळा. हा कर्झन १९२५ मध्ये वारला.

राहता राहिल्या लेंड्या. वाड्यापुढच्या हिरवळीला कुंपण दिसत नाही, कारण ते खंदकात लपवलेलं आहे. एका बाजूला सरळ भिंत, दुसऱ्या बाजूला उतार. खिडकीतून पाहणाऱ्याला वाटतं हिरवळ थेट तळ्यापर्यंत गेलीय आणि मेंढ्या आपल्याच अंगणात चरताहेत, पण मेंढी काही वर येऊ शकत नाही. त्याला इंग्रजीत खरंच ‘हा-हा’ म्हणतात. आपली सतरंजी मी मेंढ्यांच्या बाजूला टाकली, कारण तिथून ॲडमचा तीन कमानींचा पूल छान दिसतो. पुढच्या वेळी आधी खाली बघेन. (त्या देखाव्यासाठी अख्खं गाव उठवलं होतं, चर्च तेवढं जागेवर ठेवलं. हे मला सांगायचं होतं, तेवढ्यात पाऊस आला.)

थालीपिठं मऊ पडली होती हे बायकोलाही मान्य आहे.

एक राहिलं. सासूबाईंची निळी छत्री, लाकडी मुठीची, माझ्या गाडीत मागच्या सीटखाली सापडली. शनिवारी तुमच्या बाजूला फेरी आहे, घरी कोणी असेल तर देऊन जातो.