औषध म्हणे मातीतच जिरतं!

ग्रामसभेत पाणीपुरवठ्याच्या विहिरीभोवती फवारणीला मर्यादा घालायचा विषय निघाला, की दुसऱ्या दिवशी ग्रुपवर तोच मेसेज येऊन पडतो. थोडक्यात असा: 'औषध मातीतच जिरतं, पंधरा दिवसांत अंशही उरत नाही. विहिरीत टीसीएल (ब्लिचिंग पावडर) पडतं, पाण्याचे नमुने पास होतात. आधी शहरांच्या गटारी बंद करा, शेतकऱ्याला कशाला धरता? फवारणी बंद केली तर जमिनी पडीक पडतील.' खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

आमचा ऊस अशाच एका विहिरीला लागून आहे, आणि तिचंच पाणी आमच्या माठात असतं. त्यामुळे एकेक मुद्दा घेतो.

आधी माती. 'जिरतं' हा शब्द मोठा सोयीचा आहे; जिरतं म्हणजे खाली जातं, नाहीसं होत नाही. सगळी औषधं सारखीही नसतात. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक, ग्लायफोसेट हे तणनाशक मातीच्या कणांना घट्ट धरून बसतात, हे मेसेजवाल्यांचं खरं. ॲट्राझिनचं तसं नाही. ऊस-मक्यातलं हे तणनाशक मातीला सैलसर चिकटतं आणि पाण्याबरोबर खाली सरकतं. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमधली. लागणीनंतर दोन-तीन दिवसांत, ओल्या रानात एकरी किलो-दोन किलो पावडर पडते आणि वरून पाऊस. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, खाली मुरूम, त्याखाली सांधे असलेला खडक. पाणीपुरवठ्याची विहीर बहुधा ओढ्याकाठी, म्हणजे शिवाराचं पाणी उतरतं तिथेच. मोठा पाऊस झाल्यावर कठड्यावरून वाकून बघा: झऱ्यातून गढूळ पाणी येताना दिसतं. मातीचे कण ज्या वाटेनं येतात, त्या वाटेनं पाण्यात विरघळलेलं औषध येणार नाही?

पंधरा दिवसांचं म्हणाल तर जर्मनीनं ॲट्राझिनवर १९९१ साली बंदी घातली, आणि ते व त्याचे अवशेष तिथल्या भूजलात पुढे कित्येक वर्षं सापडत राहिले. डेन्मार्कमध्ये बीटाच्या शेतात वापरायचं क्लोरिडॅझॉन १९९६ नंतर विकलं गेलं नाही. त्याच्या विघटनातून तयार होणारं द्रव्य तिथल्या पिण्याच्या पाण्यात लक्षात आलं २०१७ मध्ये, आणि विहिरी बंद कराव्या लागल्या. उन्हात, मातीच्या वरच्या थरात जंतू औषध मोडतात. खाली अंधारात, गार पाण्यात ते काम फार संथ चालतं.

आता मेसेजमध्ये नसलेली गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. माझा चुलतभाऊ परवापरवापर्यंत फवारणीचा पंप विहिरीवरच भरायचा. मोटारीचा पाइप सरळ टाकीत, कालवायची काठी कठड्याला टेकवलेली, काम झालं की पंप थारोळ्यात विसळायचा आणि रिकामं पाकीट तिथेच दगडाखाली. वीज गेली तर टाकीत बुडालेल्या पाइपातून द्रावण उलटं विहिरीत ओढलं जाऊ शकतं, हे त्याच्या डोक्यातही नव्हतं. हिशेब करू. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात ॲट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. वीस फूट व्यासाची विहीर, पंधरा फूट पाणी, म्हणजे सुमारे १ लाख ३३ हजार लिटर. तेवढं पाणी मर्यादेवर न्यायला ५० टक्के ॲट्राझिनची पावडर पुरते साधारण अर्धा ग्रॅम. झटकलेल्या पाकिटाच्या कोपऱ्यात तेवढी राहतेच! रोजचा उपसा होतो, नवं पाणी येतं, त्यामुळे ते तसंच राहील असं नाही. मर्यादा ओलांडली म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी आजारीही पडत नाही. ती आयुष्यभर रोज पिण्याच्या हिशेबानं ठरवलेली असते. पण आपण आयुष्यभर रोज तेच पाणी पितो ना?

टीसीएलचा मुद्दा फार लोकांना पटतो, कारण वास येतो. ब्लिचिंग पावडर जंतू मारते. ॲट्राझिन तिला दाद देत नाही, आणि क्लोरपायरिफॉसचं तर क्लोरीनमुळे ऑक्सॉन नावाचं जास्त विषारी द्रव्य तयार होतं. पाणी उकळूनही भागत नाही. वाफ जाते, औषध भांड्यात राहतं.

नमुने पास होतात, कारण कीटकनाशक कुणी शोधलेलंच नसतं. गावातल्या किटमध्ये सामू, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह असलं तपासतात. जंतूंसाठी वेगळी बाटली असते; तिच्यातलं पाणी काळं पडलं तर जंतू आहेत. कीटकनाशकाला गॅस क्रोमॅटोग्राफसारखं यंत्र असलेली प्रयोगशाळा लागते. ग्रामपंचायतीला मिळालेलं हिरवं कार्डही स्रोताभोवतीच्या स्वच्छतेचं असतं. ज्या प्रश्नाचा पेपरच दिला नाही, त्यात पास झाल्याचं सांगू नये.

शहरांच्या गटारीबद्दल राग आहे तो माझाही आहे. पण ओढ्याकाठच्या या विहिरीच्या वर कुठलंही शहर नाही. वर आमचाच ऊस आहे.

राहिला पडीक जमिनीचा प्रश्न, आणि हा एकच मुद्दा मला खरा जड वाटतो. विहिरीपासून शंभर मीटरचं वर्तुळ धरलं तर क्षेत्र भरतं पावणेआठ एकर. त्यात शेती बंद करा असं कुणीच म्हणत नाही. तणनाशक नको, कोळपणी करा, पाचट पसरा, एवढंच. पण खुरपणीला बाई मिळत नाही आणि मिळाली तर मजुरी परवडत नाही, हे बांधावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून त्या पावणेआठ एकरांचा जादा खर्च पाणीपट्टीतून गावानं द्यावा. म्युनिक शहराचं पाणी मांगफाल खोऱ्यातून येतं. तिथल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीसाठी शहराचा पाणीपुरवठा विभाग १९९२ पासून पैसे देतो. आणि अंतराचा नियम आपल्याला नवा नाही. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला मनाई केली होती. पाणी आटू नये म्हणून पाचशे मीटर मान्य, नासू नये म्हणून शंभर मात्र अन्याय?

चुलतभावाला हा सगळा हिशेब सांगितला तेव्हा तो म्हणाला, "मग मी काय चुळा भरून फवारू का?" चिडला होता. आठवड्यानं त्यानं दोनशे लिटरचा जुना ड्रम ट्रॉलीत टाकला. आता पाणी भरून रानात नेतो, औषध तिथेच कालवतो, पंपाचं विसळलेलं पाणी तिथल्याच सरीत टाकतो. तणनाशक अजून सोडलेलं नाही. आधी खुरपणीचे पैसे कोण देणार ते सांग, म्हणतो.