‘शिळ्या कढीला ऊत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘आफ्टरबर्न’ या टीव्हीवरच्या अमेरिकी कुस्तीच्या सारांश-कार्यक्रमावरच्या माझ्या लेखाखाली ‘मातीतला मल्ल’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात ती अशी: ‘अर्धवट माहितीवर लेख पाडू नका. आफ्टरबर्न स्मॅकडाउनचा होता, रॉचा नव्हे. आधी दाखवून झालेलं कापून-जोडून पुन्हा वाढायचं म्हणजे शिळ्या कढीला ऊत. यावर एवढं लिहिणाऱ्याने जन्मात कुस्ती पाहिलेली दिसत नाही. या नाटकापायी पोरांची हाडं मोडली, त्यावर एक अक्षर नाही.’

आधी चूक मान्य करतो. 2002 च्या मार्चमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती कंपनीने, म्हणजे नंतरच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, पैलवानांची रॉ आणि स्मॅकडाउन या आपल्या दोन टीव्ही कार्यक्रमांनुसार दोन गटांत वाटणी केली. त्याच वर्षी दोघांचे वेगवेगळे सारांश सुरू झाले. रॉचा ‘बॉटम लाइन’, स्मॅकडाउनचा ‘आफ्टरबर्न’. माझ्याकडून उलटं लिहिलं गेलं, ते दुरुस्त केलं आहे. पण हे सरळ सांगितलं असतं तरी मी दुरुस्त केलंच असतं. ‘लेख पाडू नका’ ही कुठली भाषा? मी तुमच्या दारात येऊन वाचा म्हणालो होतो का?

आता शिळी कढी. हे वाक्य मला लागलं, आणि लागलं हे लपवत नाही.

ज्याच्या पानात ताजी कढी पडली त्यालाच दुसऱ्या दिवशीची शिळी वाटते. आमच्या गावात त्या वर्षांत लोडशेडिंग होतं. टीव्ही चुलत्यांच्या घरी. टेन स्पोर्ट्सवर रॉ किंवा स्मॅकडाउन लागायचं तेव्हा एक तर वीज नसायची, नाही तर रिमोट चुलतीच्या हातात असायचा. सलग दोन तास बसून पाहिलेला एकही भाग मला शाळेच्या वयातला आठवत नाही. आठवतो तो आठवडाअखेरचा सारांश. तो एक तास सगळ्या घराने मला दिला होता.

एडी गरेरो या पैलवानाचंच घ्या. 15 फेब्रुवारी 2004 ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काउ पॅलेसमध्ये त्याने तेव्हाचा विजेता ब्रॉक लेसनरला हरवलं. मी ते पाहिलं आफ्टरबर्नवर. नुसता शेवटचा डाव दाखवून ते थांबले नाहीत. 2001 मध्ये व्यसनापायी कंपनीने काढून टाकलेला हा माणूस परत कसा आला, ते आधी सांगितलं. गोल्डबर्ग हा पैलवान तर रॉच्या गटातला, तो मध्येच येऊन लेसनरला का धडकला, तेही सांगितलं. मग एडीने वरच्या दोरावरून घेतलेली उडी, आणि विजेतेपदाचा पट्टा घेऊन त्याचं गर्दीत शिरणं. मागचा एकही भाग न पाहिलेल्या माझ्यासारख्या पोराला सगळं कळलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये एडी गेला तेव्हा मी जेवलो नाही. हे कापून-जोडून वाढणाऱ्यांचं काम आहे, मल्लसाहेब. तासातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे कळायला डोकं लागतं.

आणि असे कार्यक्रम म्हणजे उरलंसुरलं, ही समजूतही चुकीची आहे. अमेरिकेत 1986 साली ‘सुपरस्टार्स’ सुरू झाला, तो गावोगावच्या स्थानिक टीव्ही केंद्रांना दिला जायचा. एकाच मुक्कामात कित्येक आठवड्यांचे भाग चित्रित करून ठेवत. मध्ये पैलवान कॅमेऱ्यासमोर उभा राहून आव्हान द्यायचा, आणि ते आव्हान शहरागणिक वेगळं असायचं. अमुक तारखेला तुमच्या गावात येतोय, असं. लोक ते पाहून तिकीट काढायचे. रॉ आला 1993 मध्ये. त्याआधी घरोघरी ही कुस्ती पोचली ती मोठ्या प्रमाणात असल्याच कार्यक्रमांतून.

‘जन्मात कुस्ती पाहिलेली नाही’ म्हणता? माझे आजोबा तालमीतले. मीही चार वर्षं पहाटे उठून लाल मातीत जोर मारलेत. डावा खांदा पावसाळ्यात अजून ठणकतो. आजोबा थकल्यावर कोल्हापूरला खासबागेच्या कुस्ती मैदानात जाणं बंद झालं. मग मैदानाच्या दुसऱ्या दिवशी मला वर्तमानपत्र वाचून दाखवावं लागे. कोणी ढाक लावली, कोण घिस्स्यावर चितपट झाला, कोणती जोड बरोबरीत सुटली. एकेक कुस्ती दोनदा वाचायला लावायचे. एकचाक डाव आला की बाजेवर उठून बसायचे आणि हाताने दाखवायचे, पकड इथे, गुडघा असा. निकाल सगळ्या गावाला आदल्या संध्याकाळीच ठाऊक झालेला असायचा. त्यांना कुणी म्हणालं नाही, म्हातारबा, शिळी कढी ओरपताय. तुम्ही म्हणाला असतात का? माझ्या आजोबांसमोर उभं राहून?

पोरांच्या हाडांबद्दल: घरी करून पाहू नका ही सूचना तेव्हाही लागायची, पोरांकडे बघायला आईबाप होते, आणि माझा लेख त्यावर नव्हताच. नाटकाचं म्हणाल तर निकाल आधी ठरतो हे मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं आहे. तिथपर्यंत वाचलं असेल असं मी धरून चाललो होतो.

अमेरिकेत बॉटम लाइन आणि आफ्टरबर्न हे दोन्ही कार्यक्रम 2005 मध्ये बंद झाले आणि पुढे परदेशी वाहिन्यांसाठीच बनत राहिले. म्हणजे आपल्यासारख्यांसाठी. पुढचा लेख त्यावरच आहे. त्यात चूक सापडली तर जरूर सांगा, पण खऱ्या नावाने सांगा. मी माझं नाव लावूनच लिहितो.