शास्त्रज्ञांची जिरवायची कशी?

गळीत हंगाम सुरू झालाय, रस्ते उसाने भरलेत. अशा मुहूर्तावर सांगली जिल्ह्यातल्या तमाम वाहनधारकांना चार शब्द सांगणं आमचं कर्तव्यच आहे. गेली दीडशे वर्षं जगभरच्या शास्त्रज्ञांनी आपल्याला जगवायचा चंग बांधलाय. आपण सांगायला गेलो होतो का? तेव्हा त्यांची जिरवायचे काही खात्रीशीर उपाय देत आहोत. खर्च जवळजवळ नाही.

सुरुवात सीटबेल्टपासून करू. नील्स बोलिन हा स्वीडनचा इंजिनिअर आधी लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करायचा. १९५९ मध्ये व्होल्वोत त्याने तीन ठिकाणी अडकणारा पट्टा काढला. एक पट्टा छातीवरून, एक कमरेच्या हाडावरून, आणि खटका एका हाताने बसणारा. वर कंपनीने ते पेटंट सगळ्या जगाला फुकट वापरू दिलं. फुकटच्या वस्तूला आपण किंमत देत नसतो, त्यामुळे बीप-बीप बंद करायला खटक्यात नुसती क्लिप खुपसा. २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना ही क्लिप काढायला लावली, पण हिंमत हरू नका. पट्टा पाठीमागून घेऊन अडकवला तरी तेच काम होतं. एअरबॅग आहेच की! ती पापणी लवायच्या आत फुगते, पण पट्ट्याने जागेवर धरलेला माणूस समोर आहे असं धरून. पट्टा नसेल तर तुम्ही आधीच पुढे फेकले गेलेले असता आणि ती फुगता फुगता थेट तोंडावर बसते. बसू द्या.

हेल्मेट कोपरात घाला. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा सर्जन होता. त्याने पुढे दुचाकीस्वारांच्या डोक्यांचा अभ्यास करून हेल्मेटचा आग्रह धरला. कोपराचा अभ्यास बिचाऱ्याच्या हातून राहून गेला, तो आपण पूर्ण करतोय. डोक्यावर घालायचीच वेळ आली, तर रस्त्याकडेला मिळणारी पातळ वाटी घ्या. चांगल्या हेल्मेटात आत थर्माकोल असतो, तो चेपतो आणि मार स्वतः खातो. तो नको. हनुवटीखालची पट्टी तर मुळीच लावू नका, पहिल्या आपटीला हेल्मेट एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.

हवेचं टायर १८८८ मध्ये चालवून दाखवणारा डनलॉप हा जनावरांचा डॉक्टर. त्याचं टायर पार टकलं होईपर्यंत वापरा.

अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी बंद करा, उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकूंना द्या. १९४५ मध्ये नोबेल घेताना पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने अपुऱ्या डोसाबद्दल बजावलं होतं, पण तो कुठे आपल्या गल्लीत राहायचा?

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवा. डॉ. दिलीप महालनबीसांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याचे रोगी ज्या मीठ-साखर-पाण्याने वाचवले, त्यात सगळी करामत प्रमाणाचीच होती. ते बिघडवलं की काम फत्ते.

अँब्युलन्स आली की तिच्या पुढेच राहा. १९६५ मध्ये बेलफास्टला फ्रँक पँट्रिजने ठोका चुकून नुसतं थरथरणारं हृदय विजेचा झटका देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र गाडीत बसवण्याजोगं केलं. वजन सत्तर किलो, चालायचं गाडीच्या बॅटऱ्यांवर. रोग्याला दवाखान्यात न्यायच्या आधी दवाखानाच रोग्याकडे जावा, हा त्याचा विचार. का? तर झटका मिळायला एकेक मिनिट उशीर झाला की वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे विश्रामबागच्या चौकात तुम्ही दोन मिनिटं आडवे राहिलात तरी पँट्रिजच्या मेहनतीचा बराच भाग पाण्यात. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा आहे, पोचेल तेव्हा पोचेल.

आता आपलं खास क्षेत्र. ट्रॅक्टर आणि मागे दोन ट्रॉल्या.

पर्सी शॉ हा यॉर्कशायरमधला रस्त्याची कामं करणारा गडी. १९३४ मध्ये त्याने रस्त्यात बसवायच्या चमकत्या 'मांजरडोळ्या'चं पेटंट घेतलं. गाडीचा उजेड काचेवर पडला की वळून गाडीवाल्याकडेच परत यायचा. चाक वरून गेलं की रबर दबायचं आणि काच आपोआप पुसली जायची. माणूस पुसणार नाही हे त्याने गृहीतच धरलं होतं! आपली तऱ्हा त्याच्याही पुढची. रिफ्लेक्टर लावायचाच नाही. लावलाच तर फळीवर चिखल वाळलेला असताना चिकटवायचा, म्हणजे दोन खेपांत गळून पडतो. तरीही टिकला तर मोळ्या मागे इतक्या लोंबवायच्या की तो वाढ्यांखाली गडप. ट्रॅक्टरचा मागचा दिवा ट्रॉलीच्या आड, ट्रॉलीला दिवाच नाही. वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये रेल्वेला हवेचे ब्रेक दिले. त्याआधी डब्यांच्या टपावरून माणसं पळत जाऊन एकेका डब्याचा ब्रेक आवळायची. आपल्या ट्रॉल्यांना ना हवा, ना टपावर माणूस. उतारावर ट्रॅक्टर ब्रेक मारतो आणि मागचा सगळा ऊस त्याला ढकलतो. पण गाण्याचा आवाज मात्र तासगावपर्यंत!

परवा आष्टा रस्त्यावर रात्री अशीच एक ट्रॉली उभी. टायर फुटलेलं, चाकाला दगड, दिवा नाही, माणूस नाही, मागे साधी झाडाची फांदीसुद्धा नाही.

आता चेष्टा पुरे. हिशेब ऐका. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर गेले. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी ३५ ते ४०. झाले सत्तर. समोरून गाडी येतेय म्हणून लाइट डिप केला असेल तर तुमची काळी ट्रॉली दिसते जेमतेम चाळीस-पन्नास मीटरवर. मागचा कितीही जपून चालवणारा असला तरी या वेगाला तो तुमच्या उसात घुसणारच. त्याला नशीब म्हणू नका. ते तुम्ही केलेलं असतं.

आणि लागतं काय? मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी अशी उजेडात चमकणारी टेप. कारखान्यावर रांगेत तासन्‌तास उभे असता ना? तेव्हा फळी धुवा, फडक्याने कोरडी करा, टेप दाबून लावा, रोज एकदा पुसा. मोळ्या फळीच्या मागे लोंबू देऊ नका. रात्री बंद पडलात तर एक जण बॅटरी घेऊन पन्नास पावलं नव्हे, चांगला शंभर मीटर मागे जाऊन उभा राहू दे, डांबराच्या कडेला. आणि पंक्चर काढून निघालात की चाकाखालचे ते दगड उचला. मोटारसायकलवाल्याला ते अंधारात दिसत नाहीत, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. उचला म्हणजे उचला.