अर्धवट रंगवलेली गाडी : एका जुन्या पेंटरला उत्तर

काका, (सही नुसती ‘द्वारकेचा जुना पेंटर’, म्हणजे आमच्या नाशिकच्या द्वारका भागातला, अशी केलीत, पण तीस वर्षं रंगाची गन चालवली म्हणता, तेव्हा काका म्हटलेलं चालेल असं धरतो.)

गाडीच्या गंजावरच्या माझ्या आधीच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली आणि उठून गाडीच्या टपावर चढून बघून आलो. त्याबद्दल पुढे सांगतोच.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: आमच्या २००६ च्या टाटा चारशे सात टेम्पोवर मी ठिकठिकाणी गंज घासून प्रायमर (रंगाखालचं अस्तर) मारला आणि पूर्ण रंग पुढे ढकलला, हा कंजूषपणा. प्रायमर पाणी पितो, तो उघडा ठेवून पावसात गाडी काढणं म्हणजे गंजाला आवतण. एक तर पत्र्यापर्यंत सोलून सगळी गाडी रंगवायची, नाहीतर हात लावायचा नाही. आणि मास्क वगैरे शहरी लाड.

प्रायमरचं तुमचं बरोबर, माझं चूक. दारांच्या खालच्या पट्टीला मी दोन डब्यांतलं मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर मारून वर ब्रशने इनॅमल रंगाचे दोन हात दिले होते. फोटो मात्र इनॅमलच्या आधीचा टाकला आणि लेखात ती ओळ राहून गेली. लोकांनी तो फोटो बघून तसंच केलं असेल तर दोष माझा. टपाचं सांगताना तर लाजच वाटते. तिथे घरात पडलेला रेडऑक्साइड प्रायमर मारला आणि वर काहीच नाही. रेडऑक्साइड मुळात तांबडा, त्यामुळे खालून गंज परत आलाय हे दिसतसुद्धा नाही. परवा तुमची प्रतिक्रिया वाचून वर चढलो, नखाने खरवडलं, तर पापुद्राच हातात आला.

पण ‘सगळं, नाहीतर काहीच नाही’ हे मला पटत नाही, आणि त्याला कारण आहे.

चार वर्षांपूर्वी मी तेच केलं होतं. जुलै महिना, कांद्याची भाडी थंडावलेली, गाडी दारात उभी. एका शेडवाल्याने पूर्ण रंगाचा भाव बरा दिला, मी गाडी नेऊन लावली. केबिनला लांबी (खळगे बुजवायची पुट्टी) भरली, पाणी मारून पेपर घासला, आणि दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं असताना वर गन फिरली. गाडी घरी आली तेव्हा आईने नारळ फोडला, इतकी सुंदर दिसत होती. होळीपर्यंत डाव्या दारावर फोड आले. एक फोडून बघितला तर लांबीखालचा पत्रा ओला आणि तांबूस. लांबी पाणी धरून ठेवते हे तुम्हाला मी सांगायला नको. मला त्यावेळी माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं त्याला गाडी लवकर मोकळी करायची होती. त्याला तरी काय बोलणार, जुलै निवडला मीच.

तेव्हापासून मी बॉनेट बघून रंगाचं ठरवत नाही. आधी दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं बघतो. आमच्या गाडीत ती कांद्याच्या फोलपटांनी आणि धुळीने बुजलेली होती. तारेने मोकळी केली तेव्हा दोन्ही दारांतून काळं पाणी आलं. मग दारावरची पन्हळ, मग पुढच्या काचेच्या रबराखालचा पत्रा, तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐकतो. पत्रा आतून खाल्लेला असेल तर आवाज बदबद येतो. लोहचुंबक फिरवलं की कुठे पत्रा आहे आणि कुठे नुसती लांबी तेही कळतं. आमच्या उजव्या कोपऱ्यावर वीतभर जागेत चुंबक चिकटतच नाही. अशा गाडीला बाहेरून कितीही भारी पीयू (हार्डनर घालून गनने मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारा, ती आतल्या बाजूने कुजतच राहणार. उलट नव्या रंगाखाली ते वर्षभर दिसणारही नाही. म्हणून मला आधी एक पावसाळा हवा होता. दारांवर, पन्हळीत गंज थांबला की नाही ते बघायचं होतं. थांबलाय. टपावर नाही, पण ते माझ्या आळसामुळे.

तुम्ही विचारलंत, ‘जुना रंग ठेवायचा की सोलायचा हे न सोलता कसं कळणार?’ मी ब्लेडने उभ्या-आडव्या रेघा मारून जाळी करतो, वर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढतो. चौकोन पट्टीला चिकटून आले तर तिथे सोलण्याला पर्याय नाही. बॉनेटचे चौकोन जागेवर राहिले. रबिंग पॉलिशच्या फडक्याला पिवळा रंग लागला, म्हणजे वर क्लिअर (पारदर्शक थर) नाही, रंग एकेरी आहे आणि नुसता फिकटलाय. तिथे पेपर घासून वरून रंग बसेल. क्लिअरचे पापुद्रे निघत असते तर पॉलिशचा काही उपयोग नव्हता, हे मान्य.

आता तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा, चकाकणाऱ्या गाडीलाच भाडं मिळतं. खरं आहे. द्राक्षवाले गाडी बघूनच माल भरतात. म्हणून केबिनला पूर्ण पीयू देणार, तुमच्याच पद्धतीने, तळापासून. पण हौद्याला, म्हणजे माल भरायच्या मागच्या भागाला, नाही. फाळक्यांवर रोज क्रेट घासतात, तिथे पीयू म्हणजे पैसे रस्त्यावर टाकणं. तिथे चांगला प्रायमर आणि इनॅमल, दरवर्षी एक हात.

प्रश्न उरतो कधीचा, आणि तो नाशिककडे फार अवघड आहे. पावसाळ्यात हवेत पाणी. दसऱ्याआधी प्रत्येक शेडला रांग, कारण पूजेला गाडी चकचकीत पाहिजे. त्या घाईत अस्तर वाळू न देता रंग मारतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी होतो आणि हार्डनर नीट पकडत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा छान, पण तेव्हा द्राक्षं चालू, आठ दिवस गाडी उभी ठेवली तर घर कशावर चालवायचं? एप्रिल-मेमध्ये धूळ आणि वळीव. राहतात दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे. मी तेच धरलेत. गाडी महिन्यातून चार वेळा कसारा उतरून वाशीला जाते, म्हणजे घाटाचा पाऊस आणि खाडीची खारी हवा दोन्ही खाते. तिला घाईचा रंग पुरणार नाही.

रंग पिवळाच राहणार. निळा करा म्हणालात, पण रंग बदलला की आरसी बुकात नोंद करायला पेठ रोडच्या आरटीओत फेऱ्या आल्या. आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग, त्यात १५ वर्षांपुढच्या गाड्यांची फी १ एप्रिल २०२२ पासून चढलेली, आणखी एक काम कशाला वाढवू? रिफ्लेक्टरच्या पट्ट्या मात्र नव्या लागतील: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल.

मास्कबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. साधा इनॅमल ब्रशने लावताना ठीक आहे, पण पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गन मारताना ते धुक्यासारखं हवेत उडतं आणि तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. त्याने दमा लागतो, आणि एकदा शरीर बिथरलं की पुढे थोडासा वासही सोसत नाही. तुम्हाला काही झालं नाही, देवाची कृपा. तुमच्या शेडमधल्या पोरांना फिल्टरचा मास्क आणून द्या, काका. शिव्या मला द्या, चालेल.

टप येत्या रविवारी पत्र्यापर्यंत घासतोय, इपॉक्सी मारून तो वाळला की वर लगेच इनॅमल. फोटो यावेळी शेवटचा टाकेन. एक विचारायचं होतं: दिवाळीनंतर संध्याकाळी लवकर गार होतं, तेव्हा तुम्ही फास्ट हार्डनर घालायचात, की साधाच हार्डनर ठेवून सकाळी अकराच्या आधी शेवटचा हात संपवायचात? इथल्या थंडीत गन चालवलेला माणूस मला दुसरा माहीत नाही.