वळीव, ओलावा आणि गायगर काउंटर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा माझे आलेख उघडून बसलो. ‘वळवाच्या पावसात घरचा काउंटर चढतो’ या पोस्टवर (काउंटर म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं गायगर यंत्र) तुमचे आक्षेप थोडक्यात असे: स्वस्तातल्या यंत्रात ओलाव्यामुळे विजेचं लीकेज होतं आणि तेच मी किरणोत्सर्ग म्हणून खपवतोय, एका मिनिटाला १७ ठोके आणि पुढच्याच मिनिटाला २८ दाखवणाऱ्या डबड्यावर भरवसा कसला, पाऊसच कारण असेल तर पुण्यात अख्खा जुलै आकडा चढलेला दिसायला हवा. शिवाय मी लोकांना उगाच घाबरवतोय.

आधी कबुली. दुपारी चारनंतर आकडा वाढतो असं दाखवणारा दुसरा आलेख चुकला होता. तेव्हा यंत्रातली किरण मोजणारी नळी काचेची होती आणि चारनंतर गॅलरीत पश्चिमेचं ऊन थेट तिच्यावर यायचं. अशा काही नळ्या उजेडालाही भुलतात. उन्हामुळे आतल्या धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि नळी त्यांनाही मोजते. परवा ती नळी कपाटातून काढली, काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून पुन्हा त्याच जागी ठेवली. दुपारचा डोंगर सपाट! तो आलेख काढून टाकतोय.

ओलाव्याचंही खोटं नाही. मागच्या ऑगस्टमध्ये एका रात्री यंत्र मिनिटाला ३०० च्या वर उड्या मारत होतं. नळीला ४०० व्होल्ट लागतात. बोर्डावर धूळ साचली आणि तिने दमट हवा शोषली की वीज भलत्या वाटेने जाते. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन दिवस डब्यात ठेवल्यावर स्वारी ताळ्यावर आली. पण त्या उड्यांना ना चढ होता ना उतार, मनाला येईल तेव्हा.

मे महिन्यातली वाढ तशी नव्हती. वळवाची पहिली दहा-पंधरा मिनिटं झाल्यावर गाडीच्या बोनेटवरचं पाणी टिश्यूने टिपलं आणि तो टिश्यू घरात, कोरड्या खोलीत, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून नळीला टेकवला. (आता नळी धातूची आहे, एसबीएम-२० नावाची.) त्याआधी खोलीतली सरासरी मिनिटाला २१ होती. टिश्यूसकट ९६. पाऊण तासाने ६२. तीन तासांनी २३, म्हणजे जवळपास मूळपदावर. यंत्र जागचं हललं नाही, हवा तीच, दमटपणा तोच. लीकेज असं शिस्तीत उतरत जात नाही, सर.

कारण रेडॉन. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा वायू हवेत मिसळतो. त्याच्यापासून पुढे शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ हे किरणोत्सर्गी धातू तयार होतात, धुळीच्या कणांना चिकटतात आणि पावसासोबत खाली येतात. त्यांची अर्धायुष्यं (निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ) साधारण २७ आणि २० मिनिटांची. शिशापासून बिस्मथ बनत राहतं, म्हणून दोघांचा मिळून उतार थोडा लांबतो. पाऊस हवा धुतो हे तुमचंच वाक्य. धुतलेलं सगळं बोनेटवर साचतं, एवढंच मी पुढे जोडतो.

१७ आणि २८ बद्दल मात्र यंत्राला बोल लावू नका. सरासरी २१ असेल तर एका मिनिटाच्या आकड्यात साडेचाराची इकडेतिकडे सहज होते, नऊचीही अधूनमधून होते. अणू घड्याळ लावून फुटत नाहीत. दहा मिनिटं मोजलं की ही चूक मिनिटामागे दीडवर येते. म्हणूनच टिश्यूच्या प्रयोगातले सगळे आकडे दहा-दहा मिनिटांच्या सरासरीचे आहेत.

आता जुलै. हा आक्षेप मला सगळ्यात आवडला, कारण माझ्याही वहीत जुलैच्या पावसाने आकडा जेमतेम हलतो. वळवाचा ढग जमिनीवरची, दुपारभर तापून वर गेलेली हवा ओढून घेतो. नैर्ऋत्येचा वारा येतो अरबी समुद्रावरून, आणि समुद्रातून रेडॉन फारच थोडा सुटतो. त्यात पुण्याची जमीनही चिंब झालेली. भिजलेल्या मातीतून वायू सहज वर येत नाही, आणि मातीतून येणारे गॅमा किरणही तेच पाणी काहीसे अडवतं. एकाच शहरातले दोन पाऊस, पण हवा दोन गावांची. बाकी आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम मुळातच कमी. ओट्याचा ग्रॅनाइट त्याला सहज मागे टाकू शकतो.

घाबरवण्याचं म्हणाल तर चूक माझीच, शीर्षकात ‘किरणोत्सर्गी पाऊस’ लिहायला नको होतं. पडद्यावर तासाला ०.१२ चं ०.१७ मायक्रोसीव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक, हजार मायक्रो म्हणजे एक मिलि) झालं, तेही दोनेक तास. एकूण फार तर ०.१ मायक्रोसीव्हर्ट जास्त. निसर्गाकडून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. त्या हिशोबाने ही वाढ वीस-पंचवीस मिनिटांच्या नेहमीच्या मात्रेएवढी. आणि हा मायक्रोसीव्हर्टही नळीने मोजलेला नसतो. मोजलेल्या ठोक्यांना ठरावीक आकड्याने गुणून यंत्र तो दाखवतं, आणि तो गुणक गॅमासाठी बेतलेला असतो. टिश्यूवरच्या बीटा किरणांना तो लावणं म्हणजे वजनकाट्याने उंची मोजणं. पुढच्या पोस्टपासून मी फक्त ठोकेच लिहीन.

तुमच्याकडे यंत्र आहे असं लिहिलंय, तेव्हा पुढच्या वळवाला करून बघा. आधी दहा मिनिटं नुसतं मोजा, पाणी टिश्यूने टिपल्यावर तो पाच मिनिटांच्या आत नळीला लावा, आणि पिशवी विसरू नका. नाहीतर यंत्र भिजेल आणि मग तुमचाच पहिला आक्षेप खरा ठरेल.