फ्यूज मोठा केल्याने टेललाइट सुधारत नाही, वायर जळते

जुन्या पिकअपच्या टेललाइटवरचा एक ‘रामबाण उपाय’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. फ्यूज सारखा उडत असेल तर १० अँपिअरचा काढून २०चा टाका. बॉडीच अर्थ (करंटची परतीची वाट) असते, वेगळी वायर ओढू नका. उजेड मंद असेल तर एलईडी लावा. आणि तरीही नाही भागलं तर मागचं सगळं वायरिंग नवं करा. यातले पहिले तीन सल्ले चूक आहेत, चौथा अर्धवट.

आधी फ्यूज, कारण गाडी पेटते ती इथेच. फ्यूज बल्बला नव्हे, वायरला वाचवायला असतो. ब्रेकचे २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टला मिळून साडेतीन अँपिअर घेतात. तरी १०चा फ्यूज उडतोय, म्हणजे वायर कुठेतरी पत्र्याला लागलेली आहे. २०चा टाकलात की फ्यूज टिकेल आणि वायर तापेल, शेजारच्या वायरींनाही घेऊन. शॉर्ट शोधायचा तर त्या लाइनवरचे सगळे बल्ब काढा, फ्यूजच्या जागी २१ वॅटचा एक बल्ब दोन वायरींनी जोडा आणि पेडलला काठीचा टेका देऊन ब्रेक दाबून ठेवा. बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट आहे. मग हार्नेस (वायरींचा जुडगा) पुढून मागे हलवत जा. जिथे हलवल्यावर बल्ब विझतो तिथली टेप सोडा. चेसिसच्या भोकातलं रबर गेलेलं असतं, नाहीतर हौद्याच्या बोल्टखाली वायर चेपलेली असते.

‘बॉडीच अर्थ’ हे कोऱ्या गाडीपुरतं ठीक. जुन्या गाडीत हौदा आणि चेसिसमध्ये पॅकिंग असतं, बोल्टांवर गंज असतो, वर रंगाचे थर. हर्णै-मालवणकडे मासळी नेणाऱ्या गाड्यांत तर बर्फाचं खारं पाणी गळून होल्डर आतून हिरवे पडतात. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणत असेल, किंवा टेललाइट चालू असताना ब्रेक दाबला की त्या बाजूचा दिवा उलट मंद होत असेल, तर अर्थ गेलेली आहे: करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या फिलॅमेंटमधून घुसतो. खात्री करायची तर ब्रेक दाबलेला ठेवून व्होल्ट मोजायच्या मीटरचं एक टोक होल्डरच्या बाहेरच्या पत्र्याला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर चालेल. अर्धा व्होल्ट दिसला तर होल्डरपासून चेसिसपर्यंत १.५ चौरस मिमीची वेगळी वायर ओढा, टोकाला थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबा, रंग खरवडून बोल्ट कसा आणि वर ग्रीस लावा. (बल्ब काढून घेतलेल्या रीडिंगवर विसंबू नका. एका तारेवर तग धरलेली अर्थही करंट वाहत नसताना शून्य व्होल्ट दाखवते.)

एलईडीने यातलं काहीच जात नाही. उलट ती जरा चोरट्या करंटवरही मिणमिणते, त्यामुळे खराब अर्थ आणखी गोंधळ घालते. इंडिकेटरला लावली तर जुना फ्लॅशर (इंडिकेटर चालूबंद करणारा रिले) बल्ब उडाला असं समजून भराभर टिकटिकतो. उजेड मंद असेल तर आधी डबल काँटॅक्ट बल्ब (टेललाइट आणि ब्रेक दोन्हीचा एकच) काढून बघा. त्याच्या दोन पिना वरखाली असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. पण झिजलेल्या होल्डरमध्ये दामटून उलटा बसवतात आणि मग टेललाइट झगझगीत, ब्रेक मंद. दोन्ही बाजूंचे ब्रेकलाइट एकदम गेले असतील तर मागे हातच लावू नका. फ्यूज आणि पेडलवरचा स्विच बघा.

राहिलं नवं वायरिंग. कधी कधी ते लागतंच, पण सगळं नाही. कपलरपाशी (वायरी जोडणाऱ्या प्लगपाशी) वायर सोला. तांबं काळं दिसलं तर चकचकीत तार लागेपर्यंत मागे कापत जा आणि तेवढाच तुकडा त्याच जाडीच्या वायरने बदला. जोड नुसता पिळून टेप गुंडाळू नका: सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) चढवा आणि हौद्यातलं पाणी ठिबकतं त्या जागेपासून लांब बांधा.