'गाडी आमची, मर्जी आमची' म्हणे!

'खासगी बस, टॅक्सी, विमान ही मालकाची मालमत्ता. कोणाला घ्यायचं ही त्याची मर्जी. अपंग माणूस एकटा असेल तर सरळ उतरवता येतं. भेदभावाचे कायदे फक्त सरकारी गाड्यांना.' हा मेसेज बरेच दिवस फिरतोय, मी दुर्लक्ष करत होतो. काल तोच माझ्या व्हीलचेअर वापरणाऱ्या मावसबहिणीकडे पोचला आणि तिने विचारलं, "दादा, विमानाचं तिकीट रद्द करू का?" आता गप्प बसणं शक्य नाही.

एकट्या दिव्यांग प्रवाशाला उतरवता येतं, हे धडधडीत खोटं आहे. फेब्रुवारी 2012 मध्ये जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे शरीराच्या हालचालींवर परिणाम होतो. स्पाइसजेटच्या विमानात त्या आपल्या जागेवर बसल्या होत्या, तिथून त्यांना खाली उतरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2016 मध्ये न्यायालयाने कंपनीला 10 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. कंपनी खासगीच होती, तरीही! पुढे 2022 मध्ये विमान वाहतुकीचे नियम आणखी स्पष्ट झाले: दिव्यांग आहे म्हणून नाकारायचं नाही. प्रवासात तब्येत बिघडेल असं वाटलं तर विमानतळावरच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं आणि तरीही नकार दिला तर कारण लेखी द्यायचं. कर्मचाऱ्याला 'वाटलं' एवढ्यावर भागत नाही.

नकार कधीच देता येत नाही असं मी म्हणत नाही. दारू पिऊन धिंगाणा घालणारा, संसर्गजन्य आजार असलेला, गाडी भरल्यावर आलेला, अशांना थांबवता येतं. पण त्याला कारण लागतं. मर्जी हे कारण नव्हे.

'फक्त सरकारी गाड्यांना' हेही चूक. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही सार्वजनिक वाहनात चढू न देणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, मग वाहन कोणाचंही असो.

राहिले रिक्षा-टॅक्सीवाले. भाडं नाकारणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 178 खाली दंडनीय आहे. दंड किरकोळ आहे, तेवढं मान्य करावं लागतं, आणि म्हणूनच मुजोरी चालते. तरी गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण टिपून आरटीओकडे तक्रार कराच. परवाना तिथूनच मिळालेला असतो.